समुद्र शिकायचा तर कोणत्या दाराने?

इंजिनिअरिंग, मेडिकल आणि सी.ए. ही तीन नावे सोडून बारावीतल्या मुलाने चौथे नाव काढले, की मस्कतमधल्या मराठी घरांत क्षणभर कशी शांतता पसरते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरी कन्येने यंदा चौथे नाव काढले. सागरविज्ञान. आधी दुसरे काही शिकून मग तिकडे वळायचे असे नाही, तर पहिली पदवीच समुद्राची घ्यायची. रत्नागिरीहून आईचा अभिप्राय फोनवर लगेच आला, "मासळी ओळखायला डिग्री कशाला गो? मे महिन्यात ये, बाजारात नेते तुला." आमच्या सौ.चा प्रश्न अधिक मुद्द्याचा होता. "हे शिकलेली माणसं पुढे करतात काय, आणि मुळात ती येतात कुठून?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली. समुद्राशी माझा संबंध अझैब्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालायला जाण्यापुरता. पण 'येतात कुठून' हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि इतिहास वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन-तीन महिने वाचत राहिलो. हाती लागले ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण अशी चौथी नावे इतर घरांतही निघत असतील.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की आपल्याकडे समुद्राच्या शास्त्राला अठरा वर्षांच्या मुलासाठी फार काळ पुढचे दारच नव्हते. या शास्त्रात नाव मिळवलेली माणसे बाजूच्या दारांनी आत आली. कोणी डॉक्टर होऊन, कोणी प्राणिशास्त्र शिकून, कोणी भौतिकशास्त्रातून.

सर्वांत जुने दार डॉक्टरांचे. १८८१ साली मुंबईच्या गोदीत 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे सर्वेक्षणाचे जहाज तयार झाले. त्याचे मुख्य काम नकाशांसाठी पाण्याची खोली मोजण्याचे. जहाजावर डॉक्टर ठेवावाच लागे, पण खलाशी काही रोज आजारी पडत नाहीत. तेव्हा डॉक्टर असा निवडायचा, की ज्याला प्राणी गोळा करण्याची हौस आहे. त्याच्या हुद्द्याचे नावच 'सर्जन नॅचरलिस्ट' असे होते. आल्फ्रेड अल्कॉक हा त्यांतला गाजलेला. १९०२ साली त्याने या सफरींवर पुस्तकही लिहिले. पुढे त्याच पदावर सेमूर सेवेल आला. हाही डॉक्टर. आपल्या अझैब्यासमोरच्या पाण्याशी संबंध येतो तो या सेवेलचा.

१९३३ च्या सप्टेंबरात 'मबाहिस' नावाचे जेमतेम १३८ फुटांचे जहाज अलेक्झांड्रियाहून निघाले आणि अरबी समुद्र, ओमानचे आखात, मुंबई, कोलंबो, झांझिबार असे फिरत १९३४ च्या मे महिन्यात परतले. जहाज इजिप्त सरकारचे, खलाशी इजिप्तचे, पैसा जॉन मरे या समुद्रशास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रातला आणि मोहिमेचा प्रमुख सेवेल. शास्त्रज्ञांत दोन इजिप्शियन होते. अब्देल फत्ताह मोहम्मद हे रसायनशास्त्राचे आणि हुसेन फौझी हे (पुन्हा) डॉक्टर. फौझींनी पुढे या सफरीवर आधुनिक सिंदबादाची म्हणून अरबीत एक पुस्तक लिहिले. सिंदबाद आमच्या सोहारचा, असे सांगणाऱ्या ओमानी मित्रांना हे आवर्जून ऐकवावे.

या मोहिमेने जे पाहिले ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. ओमानच्या बाजूला तळ खरवडण्याचे जाळे साधारण शंभर मीटरच्या खाली सोडले, की रिकामे वर येई. खेकडा नाही, शिंपला नाही, किडासुद्धा नाही. चिखलाला कुठेकुठे सडक्या अंड्यांचा वास. सुमारे तेराशे मीटरच्या खाली गेले, की पुन्हा जिवंत प्राणी सापडू लागत. म्हणजे वर मासळीने गजबजलेला समुद्र, अगदी खाली विरळ का होईना पण जीवन, आणि मधल्या पट्ट्यात जिथे उतारावर तळ लागतो तिथे स्मशान.

याचे कारण कोकणातल्या कोणालाही पटेल असे आहे. अरबी समुद्र उत्तरेकडून जमिनीने बंद आहे, त्यामुळे खोलवरचे पाणी खेळते राहत नाही. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर सुटतात आणि वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात. त्या जागी खालचे थंड, खतावलेले पाणी वर येते. त्यावर प्लवकांचे अमाप पीक येते, मासळी वाढते, आणि जे खाल्ले जात नाही ते मरून खाली बुडते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. वरची सुबत्ता आणि खालचा गुदमर ही एकाच कारणाची दोन टोके. आपण सलालाहला खरीफ पाहायला जातो, हिरवे डोंगर पाहून खूश होतो. त्याच वाऱ्याचा हिशेब समुद्राच्या पोटात असा चुकता होत असतो.

असो. मुद्दा असा, की हे सारे शोधणाऱ्यांपैकी प्रमुख डॉक्टर होता, आणि हिंदुस्थानात या विषयाचा वेगळा पदवी वर्ग नव्हता.

मग पुढचे दार उघडले कोणी? उत्तर थोडे अनपेक्षित आहे. ते शास्त्राने नव्हे, पोटाने उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईत समुद्रातल्या मासळीकडे सरकारचे लक्ष गेले. स्वातंत्र्याच्या सहा महिने आधी, ३ फेब्रुवारी १९४७ रोजी, सागरी मासेमारीचे केंद्रीय संशोधन केंद्र निघाले आणि लवकरच ते मंडपमला स्थिरावले. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आमच्या पिढीतल्या कितीजणांनी मरीन ड्राइव्हवरच्या त्या काचांना नाक लावून पहिला जिवंत समुद्री मासा पाहिला असेल! १९५८ साली रत्नागिरीला सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र निघाले. तिथल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा पाहायला आम्हाला शाळेतून रांगेने नेत असत. बाईंनी सांगितलेले काहीही आठवत नाही, सांगाडा मात्र आठवतो.

पण ही सारी संशोधनाची आणि करमणुकीची ठिकाणे झाली. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली, तीही मुख्यतः मासेमारी खात्यात आधीच नोकरीला असलेल्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी. बारावी झालेल्या (तेव्हाच्या हिशेबाने इंटर झालेल्या) मुलाने थेट नाव घालावे असे देशातले पहिले मत्स्य महाविद्यालय १९६९ साली मंगळूरला सुरू झाले. महाराष्ट्राची पाळी १९८१ मध्ये आली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय काढले आणि चार वर्षांची बी.एफ.एस्सी. ही पदवी सुरू झाली. 'महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा' हे आपण भूगोलात पाठ केले. (नव्या मोजणीत हा आकडा वाढला आहे.) त्या किनाऱ्याचा विषय घेऊन पदवीधर व्हायची सोय राज्य स्थापन झाल्यावर एकवीस वर्षांनी झाली.

या पदवीत मत्स्यजीवशास्त्र, संवर्धन, प्रक्रिया, जाळी आणि नौका, बाजारपेठ हे तर असतेच, पण प्रवाह, भरती-ओहोटी, पाण्याचे रसायन हा समुद्रविज्ञानाचा गाभाही असतो. तरीही आपल्या पांढरपेशा घरांत या पदवीला मान नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. 'ओशनोग्राफी' म्हटले की भुवया कौतुकाने वर जातात, 'मत्स्यशास्त्र' म्हटले की नाके मुरडली जातात. दोन्हींत पाणी तेच आणि मासाही तोच. फरक आहे तो कोळीवाड्याच्या वासाचा, आणि तो वास आपल्या नाकात कुठून आला हे आपण सगळे जाणतो. माझ्या मते समुद्र शिकू पाहणाऱ्या तरुणासाठी या देशात पुढचे दार बांधले ते याच मंडळींनी, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळालेले नाही.

दुसरीकडे 'शुद्ध' समुद्रविज्ञान वाढत होते, पण ते पदव्युत्तर मजल्यावर. १९५२ साली युजीन लाफाँड हे कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या परंपरेतले गृहस्थ पाहुणे प्राध्यापक म्हणून वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात आले आणि तिथे या विषयाचे काम उभे राहिले. मग १९६० ते १९६५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. चाळीसेक जहाजे, डझनावर देश. आपल्या नौदलाची 'किस्तना' ही युद्धनौका त्यांत शास्त्रज्ञांना घेऊन फिरली. मोहिमेचे हवामान केंद्र मुंबईला कुलाब्यात होते आणि तिथे आय.बी.एम. १६२० हा संगणक बसवला होता. धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्याने इथे जरा रेंगाळतो. या यंत्राच्या मूळ स्मृतीत वीस हजार अंक मावत आणि त्याच्या पहिल्या नमुन्याला बेरीजसुद्धा स्वतःला येत नसे. स्मृतीत साठवलेल्या तक्त्यात पाहून तो उत्तर देई, आपण पाढ्यांचे पुस्तक उघडून पाहावे तसे. त्यावर अख्ख्या हिंदी महासागराच्या हवामानाची आकडेमोड चालली होती. आज आपल्या खिशातल्या फोनला हे सांगितले तर तो लाजेल.

या मोहिमेचे फलित म्हणजे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आरंभी दिल्लीत, पुढे गोव्यात दोना पावलाला. (दिल्लीत समुद्र कुठला, असे विचारू नये, आपल्याकडे फाईल आधी आणि पाणी मागून.) पहिले संचालक एन. के. पणिक्कर प्राणिशास्त्राचे. १९७४ पासून संचालक असलेले आणि १९८१ मध्ये मुरगावहून निघालेल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे प्रमुख सय्यद झहूर कासीम हेही प्राणिशास्त्राचे. अलिगढहून वेल्समधल्या बँगोरला गेलेले. पुढच्या काळातले संचालक, गोव्याचे सतीश शेट्ये, भौतिकशास्त्रातून आले. सगळी बाजूचीच दारे.

त्यामागे एक विचारही होता आणि तो पाश्चात्त्य देशांतूनच आला होता. समुद्र हा विषय नव्हे, ते ठिकाण आहे. तिथे जाण्याआधी एक मूळ शास्त्र पक्के करा, असे जुने गुरुजन सांगत. मला हे अर्धेच पटते. मूळ शास्त्र कच्चे राहिले तर समुद्रावर फक्त सहल होते, हे खरे. पण अठराव्या वर्षी ज्याला भरती-ओहोटीचे वेड आहे त्याला पाच वर्षे बेडूक फाडायला लावले, की बरेचदा वेडच ओसरते. ज्यांचे ओसरले त्यांची नोंद कुठल्याच इतिहासात नाही.

ज्यांचे ओसरले नाही त्यांतले आपले ठळक नाव म्हणजे डॉ. अदिती पंत. हे नाव आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, माहीत हवे. जन्म १९४३, नागपूर. वडील आप्पासाहेब पंत, औंधच्या राजघराण्यातले आणि पुढे भारताचे परदेशांतले राजदूत. म्हणजे हेही एक परगावी राहिलेले मराठी घर. अदितीबाई पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. त्या वयात अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचे 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि समुद्राचे ठरले. पण शिकायचे कुठे? त्या काळी पुण्याहून निघून मुलीने समुद्रशास्त्र शिकायचे तर रस्ता देशाबाहेरच जात होता. त्या शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठात गेल्या, सागरविज्ञानाची एम.एस. केली. मग लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात समुद्री शैवालांच्या शरीरक्रियेवर पीएच.डी., आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

१९८३ च्या डिसेंबरात तिसरी भारतीय मोहीम अंटार्क्टिकाकडे निघाली तेव्हा भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया ठरल्या. पाचव्या मोहिमेतही पंत होत्या. पुढे त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. त्यांची वाट मी कन्येला नकाशावर बोटाने दाखवली: पुणे, होनोलुलू, लंडन, पणजी, अंटार्क्टिका, पुणे. तिने विचारले, "आणि बी.एस्सी.च सागरविज्ञानाची मिळाली असती तर?" प्रश्न रास्त होता.

आता इथली गोष्ट. सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ साली सुरू झाले तेव्हा पहिल्या पाच महाविद्यालयांत शेतकीचे एक होते. पुढे त्याचे नाव कृषी आणि सागरी विज्ञान महाविद्यालय झाले आणि त्यात सागरविज्ञान व मत्स्यशास्त्र असा जोडविभाग आहे. नावातच दोघांची सोयरीक! पदवीपासून हा विषय शिकवला जातो. अझैब्याहून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, अल खोडला. हे विद्यापीठ मुख्यत्वे ओमानी विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणून आपल्या मुलांना त्याचा थेट उपयोग कमी. पण आपल्याच गावात हे चालते हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि काम काय, हे विचारणाऱ्यांसाठी. मी २००८ मध्ये इथे आलो तो हिवाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना रेड टाइड सांगावी लागणार नाही. पाणी तांबडे-तपकिरी, किनाऱ्यावर मेलेली मासळी, आणि वास. कॉक्लोडिनियम नावाच्या सूक्ष्म जीवाची ही वाढ आखाताच्या बाराशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर आठेक महिने टिकली. मासेमारी बसली. समुद्राचे पाणी गोडे करणारी काही केंद्रे या प्रदेशात बंद ठेवावी लागली. आपल्या नळाला येणारे पाणी अशाच केंद्रांतून येते. अझैब्याशेजारी घुब्रा इथे १९७६ पासून कित्येक वर्षे ते बनत होते. पाण्यात काय वाढते आहे हे रोज पाहणारा माणूस तेव्हा किती मोलाचा, हे त्या हिवाळ्यात कळले.

हिवाळ्यातल्या रात्री लाटांवर दिसणारा निळा उजेडही अशाच एका जीवाचा, नॉक्टिल्युका. इथली जात दिवसा हिरवी दिसते, कारण तिच्या पोटात सूक्ष्म शैवाल राहते. ती स्वतः अन्न बनवतेही आणि दुसऱ्यांना खातेही. अरबी समुद्रात पूर्वी हिवाळ्यात डायटम या प्लवकांचे पीक येई. त्यांची जागा या शतकात मोठ्या प्रमाणावर नॉक्टिल्युकाने घेतली. २०१४ साली हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोआकिम गोएस, प्रभू माटोंडकर आदी शास्त्रज्ञांनी मांडले, की कमी प्राणवायूचे पाणी वर सरकत असल्यामुळे हे घडते आहे. पहिली दोघे गोव्याची, आता अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात, आणि ओमानमध्येही त्यांनी काम केले आहे. याउलट हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेतले अनीश लोटलीकर आणि त्यांचे सहकारी २०१८ मध्ये म्हणाले, की ईशान्य अरबी समुद्रात आम्ही मोजले तिथे नॉक्टिल्युका होती, पण प्राणवायूची टंचाई नव्हती. आडनावे वाचा. आपल्याच किनाऱ्याची माणसे आपल्याच समुद्रावर वाद घालत आहेत, आणि तो मासळीच्या भवितव्याचा वाद आहे, कारण नॉक्टिल्युका मासळीच्या साखळीतल्या बहुतेकांना खाता येत नाही. ती जाते मुख्यतः जेलीफिशसारख्यांच्या पोटी.

त्याच २०१८ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने आणि सुलतान काबूस विद्यापीठाने मिळून ओमानच्या आखातातले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्लायडर नावाची माणसाच्या उंचीएवढी यंत्रे त्यांनी पाण्यात सोडली होती. ही स्वतःची तरंगण्याची क्षमता बदलत हजार मीटर खाली जातात, वर येतात आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. सेवेलच्या जाळ्याला रिकामा पट्टा लागला होता त्याच भागात, स्कॉटलंडहून मोठ्या क्षेत्रात, प्राणवायू जवळपास नाहीसा आहे असे त्यांना दिसले, आणि परिस्थिती पूर्वीपेक्षा बिघडलेली. या यंत्रांचे प्रोग्रॅम कोणीतरी लिहितो, आकडे कोणीतरी तपासतो. सॉफ्टवेअरच्या घरात हे पटायला वेळ लागला नाही.

राहता राहिला प्रवेशाचा प्रश्न. आज भारतात पुढची दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत: रत्नागिरी, मंगळूर, महाराष्ट्रातच उदगीर आणि नागपूर, कोचीचे मत्स्य आणि सागर अभ्यासाचे स्वतंत्र विद्यापीठ. गोवा विद्यापीठाची सागरविज्ञानाची एम.एस्सी. आहे, तिथे बी.एस्सी. करूनच जावे लागते. ब्रिटनमध्ये बँगोर, प्लिमथ, साउदॅम्प्टन इथे थेट पदवी आहे, पण खर्चाचा आकडा वाचून आधी बसून घ्यावे. बी.एफ.एस्सी.ला बारावीला जीवशास्त्र लागते. प्रवाह, लाटा, हवामान या बाजूला जायचे तर गणित हवे. म्हणजे दोन दारांसाठी दोन वेगळ्या किल्ल्या, आणि त्यांतली कोणती टाकायची हे आपल्या शाळांत मुले दहावीनंतर, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, विषयांचा फॉर्म भरताना ठरवून बसतात. दोन्ही विषय ठेवण्याची सोय काही शाळा करतात. ज्यांची मुले यंदा नववी-दहावीत आहेत त्यांनी ही चौकशी फॉर्म यायच्या आधी करावी.